खारीक कानाला लावणाऱ्या अंजनाबाई

नागपुरातल्या आमच्या नंदनवन वस्तीत असं बोललं जातं की अंजनाबाई खारीक कानाला लावून पोटातलं मूल सांगतात. पोरगा असला की खारीक खुळखुळ वाजते आणि पोरगी असली की गप्प बसते.

भाजीचा ठेला लावणारा नत्थूभाऊ हे सांगायच्या आधी डावी-उजवीकडे पाहतो, कोथिंबिरीची जुडी कानाशी नेतो आणि आवाज पार विहिरीत उतरवतो. "बाई डोये बंद करते, खारीक हालवते, हालवूनच राहते... हालवूनच राहते... मंग एकदम हासते. हासली का समजून जा गा. पेढे!" समोरच्या प्रेमिलाकाकूंना विज्ञानाची आवड आहे. त्या चष्मा पुसत म्हणतात, "अंधश्रद्धा नाही हो ती. फ्रिक्वेन्सी असते प्रत्येक वस्तूला."

खरी गोष्ट अशी आहे की अंजनाबाईंना ऐकू येत नाही.

अगदीच येत नाही असं नाही. समोर उभं राहून बोललेलं कळतं, लाऊडस्पीकर कळतो, दार जोरात आपटलं तर कळतं. पण खारकेच्या आतली बी सुटी झाली की हलवल्यावर जो आवाज होतो, तो फार बारीक असतो. रिकाम्या काडेपेटीत एकच काडी उरली तर होईल तेवढा. तो आवाज अंजनाबाईंसाठी कधीचाच बंद झाला. खारीक एवढा वेळ कानाशी धरून डोळे मिटून त्या नुसती वाट पाहतात, की येतो का बुवा. आणि पाहणाऱ्याला वाटतं, आपल्याला न येणारं काहीतरी बाईंना ऐकू येऊन राहिलं.

अंजनाबाईंनी सगळी नोकरी एका प्रसूतिगृहात आया म्हणून काढली. तिथे त्या 'मावशी' होत्या, अजूनही अर्धं नंदनवन त्यांना मावशीच म्हणतं. नोकरी संपली, यजमान आनंदराव वारले, आणि घरात बोलायला भिंती उरल्या तेव्हा त्यांनी बाळंतिणीचे लाडू करायला घेतले. डिंक, खोबरं, गूळ, खसखस आणि मुख्य म्हणजे खारीक. त्यांच्या पुढच्या खोलीत एका भिंतीवर बाबासाहेब, खाली छोटी बुद्धमूर्ती, आणि दुसऱ्या भिंतीला स्टीलचे डबे, इतके चकचकीत की मी त्यांच्यात पाहून तोंडं वाकडी करायची प्रॅक्टिस केलेली आहे. मी म्हणजे प्रीती, शेजारच्या घरातली, अकरावी सायन्स. लोकांच्या नकला करते, एवढंच माझ्याबद्दल.

लाडवांच्या बाबतीत त्यांचा एक नियम आहे. खारीक त्या फोनवरून मागवत नाहीत आणि एकट्याने आणत नाहीत. ज्या घराने लाडू टाकले, म्हणजे करायला दिले, त्या घरातल्या कोणीतरी त्यांच्यासोबत इतवारीच्या बाजारात यायचं. "खाणार तुमी, त मालबी तुमीच पाहाचा," असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे दर बाळंतपणाआधी एक सासू किंवा एक आई विक्रमशेठच्या किराणा-सुकामेव्याच्या दुकानात त्यांच्या बाजूला उभी राहते आणि ते खारीक कानाला लावणं स्वतःच्या डोळ्यांनी पाहते. घरी येऊन चार जणींना सांगते. पुढे घरात पोरगा झाला की लोकांना ते आठवतं. पोरगी झाली की कोणी त्याची आठवण काढत नाही. अफवेला एवढं खत बस झालं.

खारीक निवडताना अंजनाबाई आधी रंग पाहतात. फार पिवळीजर्द, फार देखणी दिसली तर ओठ मुरडतात, "लगनातली पोरगी हाय हे, मेकअप उतरू दे." मग देठाजवळ बारीक भोक आहे का ते पाहतात, कारण तिथून कीड शिरते. सुरकुत्या खोल आणि साल कडक लागते. आणि शेवटी कान. वाजली म्हणजे आतून पुरती सुकली, ती फोडून दळता येते, लाडू टिकतो. नाही वाजली म्हणजे आत ओल आहे, बी गराला चिकटून बसली आहे. तिला त्या मुकी म्हणतात. मुकी दळायला टाकली तर चक्कीत चिकटते आणि पुढे अख्ख्या डब्याला बुरशी धरते. पण मुकी फेकायची नसते, ती रात्री दुधात भिजवून खायची असते.

त्यांना ऐकू येत नाही हे मला माझ्या नकलांमुळे कळलं. मी त्यांच्यासमोर विक्रमशेठ केला की त्या पोट धरून हसायच्या. पाठीमागून केला की काहीच नाही. माझा अपमान व्हायचा, कारण शेठचा आवाज मी पाठमोऱ्या माणसालाच फार छान काढते. मग एकदा दुकानात त्यांनी एक खारीक हलवली, मान डोलावली आणि वाजणाऱ्यांच्या ढिगात टाकली. ती ठार मुकी होती, मी दोन हातांवरून सांगितलं असतं.

"आजी, ही मुकी आहे."

"तुह्या कानात मळ हाय वं."

पुढची वाजत होती, ती त्यांनी मुक्यांत टाकली. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. परतीच्या ई-रिक्षात त्या रस्त्याकडे तोंड करून म्हणाल्या, "कोणाले सांगशीन नको. मावशीचा कान गेला म्हणल्यावर मावशीकडं लाडू कोण टाकन?"

मी पुढे वाकून त्यांच्या तोंडासमोर म्हटलं, "मशीन लावा नं मग. छोटी येते आता, दिसत पण नाही."

"माह्या कानाच्या भरवशावर लोक लाडू खातेत. कानात मशीन पाह्यली त भरवसा गेला."

तेव्हापासून आमची भाषा ठरली. खारीक त्यांनी कानाला लावायची आणि नजर माझ्याकडे. वाजली तर मी डावी भुवई उचलायची, मुकी असली तर ओठ आत घ्यायचे. लोकांना दिसायची ती कुठेतरी लांब लागलेली, तंद्रीतली नजर. नत्थूभाऊच्या गोष्टीत त्यानंतर 'बाईची नजर आभायात लागते' हे वाक्य वाढलं. ती नजर माझ्या भुवईत लागत होती.

अफवा कानावर आली, म्हणजे मीच मोठ्याने सांगितली, तेव्हा अंजनाबाई हसल्या नाहीत. "माह्या बापानं छप्पनले दीक्षा घेतली," त्या म्हणाल्या. "देव्हारा उचलला, भगत बंद, अंगारा बंद. आन् आता लोकायनं मलेच भगतीण करून टाकलं."

यात आतापर्यंत कोणाचं काही बिघडत नव्हतं. मग रुखमाबाई आल्या.

रुखमाबाई आमच्या लाइनीतल्या शेवटच्या घरातल्या. गावाकडे त्यांची शेती आहे, अजून कसतात, तुरीच्या वेळेला तिकडे असतात आणि बाकीचं वर्ष इथे मुलाकडे, जितेंद्रदादाकडे. सून दिपालीवहिनी. नात पायल, पाच वर्षांची. वहिनींना सातवा लागला होता.

त्या दिवशी मी अंजनाबाईंकडेच होते. रुखमाबाई आल्या, बसल्या, पाणी प्यायल्या, पदर सारखा केला आणि कमरेच्या पिशवीतून एक खारीक काढून मूर्तीपुढे ठेवावी तशी हळूच पुढे ठेवली.

"लाडू त टाकाचेच हायेत," त्या म्हणाल्या. "पण आंदी हे जरासं ऐकून द्या."

"काय ऐकू?"

"आता तुमाले सांगा लागते का? सोनोग्राफीवाल्याले इचारलं, त तो भिताडावरच्या पाटीकडं बोट दाखवते. गुन्हा हाय म्हणते. तुमच्याइथं त पाटी नाही नं."

"रुखमाबाई, असं काही नसते. खारीक हाय ते."

"नत्थूच्या बहिणीले सांगतलं. मलेच काहून नाही?"

"कोणालेच नाही सांगतलं मी."

रुखमाबाई थोडा वेळ त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी खारीक उचलली, पिशवीत टाकली, पिशवीची दोरी ओढली. "नाही सांगत नं?" त्या उठल्या. "समजलं मले."

काय समजलं ते आम्हालाही समजलं. दुसऱ्या दिवशी दुपारी दिपालीवहिनी आल्या. चालताना एक हात कमरेला, दुसऱ्या हातात पायल.

"मावशी, कालपासून आईंचं बोलणं बंद," त्या म्हणाल्या. "रातच्याला दुधाचा गिलास देत होत्या, तोही बंद. ते जाऊ द्या. पण सकायी माह्या बाबाले फोन लावला, का बाळंतपणाले पोरीले घेऊन जा."

पहिलं बाळंतपण माहेरी आणि दुसरं सासरी, ही आपल्याकडची रीत. दुसऱ्याला माहेरी पाठवणं म्हणजे तुझं तू पाहा असं सांगणं. पण वहिनींना त्या अपमानाचं काही पडलं नव्हतं. त्यांचं माहेर भिवापूरच्या पलीकडे, रस्त्यापासून आत. पायलच्या वेळेस तिथून रात्रीच्या रात्री त्यांना गाडीत घालून नागपूरला आणावं लागलं होतं आणि रक्त इतकं गेलं होतं की डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं, पुढचं इथेच, हातभर अंतरावर दवाखाना पाहिजे. यावेळी नाव इथेच घातलेलं होतं.

"दादा काय म्हणतात?" मी विचारलं.

"त्यायचं काय. 'आईले समजावतो' म्हणतेत. आन् मंग दुकानात जाऊन बसतेत." वहिनी अंजनाबाईंच्या अगदी समोर सरकल्या. त्यांना माहीत नव्हतं, पण बरोबर जागी सरकल्या. "मावशी, तुमी पोरगा म्हणून द्या नं. दोनच महिने काढाचे हायेत. एकदा दवाखान्यात पोहोचली का मंग काही होऊ दे."

पायल डब्यात स्वतःचं तोंड पाहत होती. अंजनाबाईंनी वहिनींच्या डोक्यावरून हात फिरवला, पायलच्या हातात गुळाचा खडा दिला, एवढंच.

वहिनी गेल्यावर मी म्हटलं, "सांगून टाका नं आजी. एका शब्दाचा तर प्रश्न आहे."

"आन् पोरगी झाली त?"

"तोवर दवाखान्यात असतील वहिनी."

"दवाखान्यातून घरीच येणार नं ते?" त्यांनी वात वळावी तशी बोटं चोळली. "आन् मी एकडाव सांगतलं त उद्या अजून दहा जणी पिशवीत खारीक घेऊन येतीन. मंग कोणाले पोरगा सांगू, कोणाले पोरगी?"

मग त्या प्रसूतिगृहातलं सांगू लागल्या. बाळ झालं की बाहेर नातेवाइकांना सांगायचं काम आयाचं. सगळे उठून उभे राहतात आणि एकच प्रश्न डोळ्यांत. "मी काय कराची, पह्यले म्हणाची, आई बरी हाय, बाळ बरं हाय. आन् थांबाची. पाहाची, का कोणाच्या तोंडावर येवढ्यानं उजेड पडते. काही काही घरी पडेबी. काही घरी नाही पडे, ते अजून वाट पाहत राहत. मले तेव्हा ऐकू येत होतं, तरी मी तोंडंच पाहत होती."

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "मी खरं सांगून पाहतो."

"खरं म्हणजे?"

"मले ऐकू नाही येत, हे."

मी उडालेच. "रुखमाबाईंना? त्या अख्ख्या लाइनीत सांगतील. आणि लाडू तर टाकणारच नाहीत. त्या काय, कोणीच टाकणार नाही!"

"टाकन ते."

"नाही टाकणार. लावता पैज?"

"लाव. हारली त साऱ्या खारका तू फोडाच्या. अडकित्त्यानं. मिक्सर-बिक्सर नाही."

"आणि तुम्ही हरल्या तर?"

त्यांनी कानामागे बोट नेलं. "त मशीन लावतो."

मला ती पैज दोन्ही बाजूंनी चांगली वाटली. फक्त एक गोष्ट मला रात्री अंथरुणात पडल्यावर कळली. रुखमाबाईंनी लाडू टाकले, तर त्याचा अर्थ वहिनींचं बाळंतपण इथे. नाही टाकले तर भिवापूर. म्हणजे मी कशाच्या बाजूने पैज लावून बसले होते?

अंजनाबाई संध्याकाळीच रुखमाबाईंच्या दारात जाऊन आल्या होत्या. "खारीक घ्याले चाल माह्यासोबत. दुकानात सांगतो काय ते." रुखमाबाईंचा चेहरा असा काही फुलला म्हणे की त्यांनी बोलणं बंद असलेल्या सुनेला चहा मांडायला सांगितला.

सकाळी आम्ही तिघी इतवारीत. हातगाड्या, टेम्पो, पोत्यांची चढ-उतार, आणि त्यातून रुखमाबाई नव्या लुगड्यात, देवळात निघाल्यासारख्या. विक्रमशेठ गल्ल्यावर. शेठ बोलताना प्रत्येक वाक्याच्या शेवटी थोडा श्वास आत ओढतात, जणू वाक्य परत घ्यायचंय. "आओ मौसी, आओ. नया माल आया है, एकदम... खडखड बोलता है... सुनके देखो."

पोतं उघडलं. अंजनाबाईंनी एक खारीक उचलली. रंग पाहिला, देठ पाहिलं, कानाशी नेली. दुकानातली दोन-तीन गिऱ्हाइकं हळूच जवळ सरकली, अफवा इथवर पोहोचलेली होती. मी सवयीने डावी भुवई उचलली. अंजनाबाईंनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी खारीक कानापासून काढली आणि रुखमाबाईंच्या हातात ठेवली.

"तू ऐक. मले नाही येत ऐकू."

"काय नाही येत?"

"हे वाजते का नाही, मले नाही येत ऐकू. बम वर्सं झाले. हे प्रीती मले भुवईनं सांगते."

शेठचा श्वास आत गेला तो आतच राहिला. रुखमाबाईंनी आधी अंजनाबाईंकडे, मग माझ्या भुवईकडे संशयाने पाहिलं. "बहाणा करून राहिल्या तुमी. पोरगी हाय म्हणून सांगाचं नाही तुमाले."

"बहाणा? बरं. माह्या मांगं उभी राह्य. आन् मले शिव्या दे."

"काय?"

"शिव्या दे. हळू दे, पण मनापासून दे. मी पलटली त मी खोटी."

अंजनाबाई पाठ करून उभ्या राहिल्या, समोर वेलदोड्यांच्या बरणीकडे तोंड. रुखमाबाई मागे. आधी त्या लाजल्या. पदर तोंडाशी नेऊन एक साधी, लहान मुलाला देतात तसली शिवी दिली. अंजनाबाई बरणी पाहत. रुखमाबाईंनी दुसरी दिली, जरा बरी. अंजनाबाई बरणी पाहत. मग रुखमाबाईंना लय सापडली. तिसरी, चौथी, पाचवी अशा शिव्या आल्या की एका गिऱ्हाइकाने टोपी काढली. शेठ पुटपुटले, "माताजी... धीरे..." त्या शिव्या मी इथे लिहिणार नाही. मला त्या सगळ्या येतात, चालीसकट.

अंजनाबाईंनी बरणीचं झाकण उघडून एक वेलदोडा हुंगला.

रुखमाबाई थांबल्या. पुढे येऊन त्यांच्या तोंडासमोर उभ्या राहिल्या. "खरंच नाही येत वं तुले?" 'तुमी' तिथेच कुठेतरी पडलं होतं.

"झालं देऊन?"

"मंग नत्थूच्या बहिणीच्या वेळेस तू हासली, ते?"

"शेठच्या घरून चाय आला होता. अद्रकवाला."

"सच है," शेठ म्हणाले. "उस दिन चाय आया था।"

रुखमाबाईंच्या हातात खारीक तशीच होती. त्यांनी ती स्वतःच्या कानाशी नेली, हलवली. बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. "चूप बसा गा जराशे!" त्या रस्त्यावर ओरडल्या, आणि खरंच थोडं शांत झालं. पुन्हा हलवली. त्यांचे डोळे मोठे झाले.

"वाजते वं! आतमंधी वाजते."

"बी हाय ते."

"म्हणजे पोरगा?"

"म्हणजे सुकली."

त्यांनी दुसरी उचलली. हलवली, पुन्हा हलवली, कानात घुसवायचीच बाकी ठेवली. "हे नाही वाजत."

"ओली हाय. दळाले नाही चालत. दुधात टाकून पोरीले दे, रक्त भरते."

रुखमाबाई खाली बसल्या. पोत्याशेजारी शेठने टाकलेल्या गोणपाटावरच. आणि एकेक खारीक कानाला लावू लागल्या. एक ढीग उजवीकडे, एक डावीकडे. अंजनाबाई त्यांच्या समोर बसून देठं पाहत होत्या. मी भुवयांना सुट्टी देऊन उभी होते. शेठ म्हणाले, "ऐसा सुनेगी तो शाम हो जाएगी..." दोघींपैकी एकीने ऐकलं नाही आणि दुसरीने ऐकून घेतलं नाही.

परतताना ई-रिक्षात रुखमाबाई एका टोकाला, अंजनाबाई दुसऱ्या, खारकेची पिशवी आणि मी मध्ये. बराच वेळ गेल्यावर रुखमाबाई रस्त्याकडे पाहत बोलल्या, "जितेंद्रच्या आंदी मले तिघी. तिसरीच्या वेळेस मले कोणी पाणी नाही इचारलं. मी स्वताच उठून रांजणापाशी गेली."

"काय म्हणते?" अंजनाबाईंनी मला विचारलं.

मी ते रुखमाबाईंच्या आवाजात सांगू शकले असते. शब्द, चाल, 'रांजण' शब्दावरचा हेल, सगळं माझ्या कानात ताजं होतं. मी ते माझ्या आवाजात सांगितलं. मोठ्याने, हळूहळू, अंजनाबाईंना ओठ दिसतील असं. त्यांनी ऐकलं आणि माझ्यावरून हात लांब करून रुखमाबाईंचा गुडघा धरला. नंदनवन येईपर्यंत तो हात तिथेच होता.

पण लाडवांचं रुखमाबाईंनी नाव काढलं नाही. खारकेची पिशवी स्वतःच्या घरी घेऊन गेल्या.

त्या रात्री, पुढच्या दिवशी, त्याच्या पुढच्याही दिवशी काहीच नाही. नत्थूभाऊला मात्र बातमी लागली होती, आणि ठेल्यावर कोथिंबिरीच्या जुडीसकट नवी गोष्ट सुरू होती. "बाईले ऐकू येत नाही गा. बिलकुल नाही. आपून उगाच..." प्रेमिलाकाकू म्हणाल्या, "मी आधीच म्हणत होते, शास्त्रीय आधार नाही त्याला." एका घरून लाडवांचा निरोप आला, की आता बाजारातलेच आणतो. अंजनाबाईंनी "बरं" म्हटलं आणि रिकामा डबा परत पुसला. मी पैज जिंकत होते. मोबाइलवर मशीनची माहितीसुद्धा मी काढून ठेवली होती. ती पाहायची इच्छा होत नव्हती.

चौथ्या की पाचव्या दिवशी, मी अंजनाबाईंकडे खिचडी खात होते, तेव्हा दार वाजलं. वाजलं म्हणजे बाहेरून कोणीतरी कडी अशी आपटली की त्यांनाही ऐकू गेलं. रुखमाबाई. दोन्ही हातांत दोन पिशव्या, मागे पायल.

"काहून वं," त्या आल्या आल्या सुरू झाल्या, "तुले ऐकू येत नाही त मले बोलावता नाही येत? हे भुवईवाली पोरगी कॉलेजात जाईन, तिचं लगन होईन, मंग कोणाची भुवई पाहशीन? घरी नेऊन साऱ्या परत ऐकल्या मी. तीन मुक्या निघाल्या वाजणाऱ्यायत. तीन! तूच टाकल्या असतीन, मी त नाही टाकल्या." त्यांनी एक पिशवी धप्पकन पुढे ठेवली. "ह्या लाडवाच्या. तूप जरासं जास्त घालशीन. तिले पह्यल्या खेपेले लय तरास झाला होता."

"कोणाले?" अंजनाबाईंनी मुद्दाम विचारलं, मी त्यांचं तोंड पाहत होते.

"कोणाले म्हणजे? दिपालीले. तिच्या बापाले फोन केला सकायी. म्हटलं राहू दे, दवाखाना इथंच हाय."

"आन् त्या?" दुसऱ्या पिशवीकडे बोट.

उत्तर पायलने दिलं. "त्या आईच्या. दुधातल्या. आजी मलेपण देते एक."

"चूप वं," रुखमाबाई म्हणाल्या आणि तिच्या केसांतली पिन सारखी केली.

आता ते बाळ झालं आहे. काय झालं म्हणून विचाराल, तर अंजनाबाईंच्या पद्धतीने सांगते : आई बरी आहे, बाळ बरं आहे. मी थांबले आहे आणि तुमचं तोंड पाहते आहे.

इतवारीला आता दोघी मिळून जातात. रंग आणि देठ अंजनाबाईंचं, कान रुखमाबाईंचा, आणि शेठला गप्प बसवणंही त्यांच्याचकडे. गेलेलं घर परत आलं नाही, पण एक नवं आलं. अंजनाबाईंच्या कानात मशीन नाही, कारण त्या हरल्या नाहीत. हरले मी.

म्हणून लाडवांची पिशवी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी अडकित्ता घेऊन फरशीवर बसले होते. खारीक उभी धरायची, दाबायची, बी एकीकडे, गर एकीकडे. दहा-बारा फोडल्या की अंगठ्याला वळ पडतो. ढीग तर माझ्या गुडघ्याएवढा. अंजनाबाई पुढच्या खोलीतच शेगडी मांडून, माझ्याकडे पाठ करून कढईत डिंक तळत होत्या, तो फुलायचा आवाज त्यांना येत नसल्यामुळे अगदी वाकून पाहत. मी संधी साधली आणि त्यांच्याच आवाजात, हळूच, म्हटलं, "मिक्सर-बिक्सर नाही. अडकित्त्यानं. हारली त साऱ्या तू फोडाच्या."

त्यांनी मान वळवली नाही. समोरच्या भिंतीवरच्या डब्यात माझं तोंड वाकडंतिकडं होऊन हलत होतं, ते मला उशिरा दिसलं.

"नक्कल नंतर," त्या म्हणाल्या. "अजून अर्धा ढीग हाय."